नांव ठेवण्यापूर्वीं गेलेलीं बालकें : स्मृतिशास्त्र, रोमन कॅथॉलिक पंथ व वऱ्हाडचा घाट

प्रस्तुत विषय पाहून कांहीं वाचकांस शंका येईल कीं, सनदा, महजर व शिलालेख यांना वाहिलेल्या पृष्ठांत तान्ह्या बालकांच्या मृत्यूचें काय प्रयोजन? शंका गैर नाहीं. परंतु जे वाढले, लढले आणि कागदावर शिक्के उमटवून गेले त्यांचाच वृत्तांत म्हणजे इतिहास, असें धरून चालल्यास हीं माणसें ज्या घरांत जन्मलीं त्या घरांतील बरीचशी हकीकत गळून पडते. सिंदखेडच्या जाधवांची वंशावळ आम्हीं वर्गांत पुष्कळ वर्षें शिकविली. वंशावळ कोणत्याहि घराण्याची असो, तींत पुत्र असतात, कन्या क्वचित् असतात, आणि पाळण्यांतच गेलेल्यांस बहुधा जागा नसते.

वऱ्हाडांत ज्याला 'कोतवाल बुक' म्हणतात त्या गांवच्या जन्ममृत्यूच्या पुस्तकांत ही जागा थोडीबहुत सांपडते. हल्लीं जातीच्या दाखल्यासाठीं या पुस्तकांच्या नकला काढण्याची मोठी धांदल असते, त्यामुळें त्यांचें नांव सर्वांच्या तोंडीं झालें आहे. नोंद बारशापूर्वींच होत असल्यामुळें पुष्कळदां 'अमक्यास मुलगा झाला' एवढेंच लिहिलेलें असतें. पुढें आठ-पंधरा दिवसांनीं त्याच बापाच्या नांवापुढें मृत्यूची नोंद आली, तर तेथेंहि 'मुलगा' हाच शब्द. दाखला शोधणाऱ्याचें बोट तेथून पुढें सरकतें. त्या नोंदीला वंशज नसतो.

नांव पडण्यापूर्वीं, किंवा जन्मापूर्वींच, गेलेल्या अशा जीवाला धर्मशास्त्र कोणत्या पायरीवर ठेवतें, आणि त्या पायरीवरून त्याच्या आईबापांना सांत्वन मिळतें कीं नाहीं, एवढाच प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे. तो आम्ही दोन शास्त्रांना विचारणार आहों. एक आमचें स्मृतिशास्त्र. दुसरें रोमन कॅथॉलिक पंथाचें. दुसरें निवडण्यास कारण असें कीं, गर्भ गेल्याच्या किंवा तान्हें मूल दगावल्याच्या दुःखांत असलेल्या कुटुंबांना आधार देण्याचें काम या पंथानें अलीकडे अनेक देशांत पद्धतशीर हातीं घेतलें आहे. आपला जिल्हाहि त्या पंथाच्या अमरावती धर्मप्रांतांत मोडतो. हें सांत्वन त्या पंथांत पहिल्यापासून होतें अशी समजूत आढळते. ती खरी नाहीं. तें फार उशिरा आलें, आणि ज्या वाटेनें आलें तिचा एक फांटा वऱ्हाडांतून जातो.

प्रथम आमच्याकडचें. हल्लीं 'गर्भपात' या शब्दाला बुद्धिपुरःसर केलेल्या कृत्याचा वास येतो. शास्त्रांत तसें नाहीं. चौथ्या महिन्यापर्यंत गर्भ गेला तर स्राव, पांचव्या-सहाव्यांत गेला तर पात, आणि त्यापुढें ती प्रसूतिच, अशी निबंधकारांची वर्गवारी आहे. पातांत आईला जितके महिने तितक्या दिवसांचें आशौच, बापाला व सपिंडांना तीन दिवसांचें. स्रावांत बापाला केवळ स्नान. अठराव्या शतकाच्या अखेरीस काशीनाथ उपाध्यायांनीं रचिलेला धर्मसिंधु महाराष्ट्रांतील भिक्षुकांच्या हातीं राहिला, आणि घरोघर जे निर्णय सांगितले गेले ते त्याच्याच आधारें. मनूनेंहि गर्भाच्या महिन्यांइतक्या रात्री मोजल्या आहेत. आशौच म्हणजे विटाळ असें म्हणून नव्या पिढीनें तें टाकिलें, तें योग्यच झालें. तथापि एक गोष्ट नजरेआड करूं नये. तो जीव आईच्या पोटांत किती महिने होता हें मोजून तितके दिवस तिला वेगळें बसूं देणारा नियम त्या जीवाची दखल घेतो. सासुरवाशिणीला चार-पांच दिवस विहिरीचें पाणी ओढावें लागलें नाहीं, हें तिच्या लेखीं थोडें नव्हतें.

जन्मून गेलेल्या मुलाविषयीं मनुस्मृतीच्या पांचव्या अध्यायांत सलग तीन श्लोक आहेत. दोन वर्षांखालील मूल अग्नीला देऊं नये. बांधवांनीं त्याला अलंकृत करून गांवाबाहेर शुद्ध भूमींत ठेवावें. येथपर्यंत मायेचा हात दिसतो. पुढच्याच श्लोकांत, अरण्यांत लांकूड टाकावें तसें त्याला टाकून परतावें, असें येतें. सजवावें आणि लांकडासारखें टाकावें, हीं दोन वचनें लागोपाठ कशीं आलीं, असा प्रश्न विचारणारा विद्यार्थी आम्हांस दर दोन-चार वर्षांनीं भेटे. आमचें उत्तर ठरलेलें असे: पहिलें वचन जातांना पाळावयाचें, दुसरें परततांना. तिसरा श्लोक महत्त्वाचा आहे. तीन वर्षांखालील मुलाला उदक देऊं नये. परंतु दांत आले असल्यास, किंवा नांव ठेविलें असल्यास, दिलें तरी चालेल. म्हणजे नांव हा उंबरठा ठरला. त्याच्या आंतला तो पितरांच्या रांगेंत बसण्यास निदान पात्र. बाहेरचा कोणींच नव्हे. वाचकांनीं हा उंबरठा ध्यानांत ठेवावा. रोमच्या शास्त्रांतहि तो आहे, फक्त तेथें नांवाबरोबर पाणी आहे.

स्मृति आशौच सांगते. शोकासाठीं महाभारताकडे जावें लागतें. शांतिपर्वांत गृध्र व गोमायु यांचा संवाद आहे. एका ब्राह्मणाचें एकुलतें बालक मेलें. बांधव त्याला घेऊन श्मशानांत आले. गिधाड म्हणतें, काळापुढें कोणाचें चालत नाहीं, दिवस आहे तोंच घरीं जा. ते उठतात. कोल्हा म्हणतो, काय हे निर्दय लोक, अजून सूर्य मावळला नाहीं, लेकराचें तोंड थोडा वेळ पाहा तरी. ते पुन्हां बसतात. दोघांचेंहि बोलणें शहाणपणाचें, आणि दोघेहि भुकेले. गिधाडाला प्रेत दिवसा हवें आहे, कोल्ह्याला रात्रीं. शेवटीं शंकर प्रसन्न होऊन मूल उठवितात, तो भाग भाविकांसाठीं असूं द्या. अभ्यासकाच्या हातीं या कथेनें एक कसोटी दिली आहे: शोकाकुलांजवळ जो बोलावयास आला, तो कोणती भूक घेऊन आला? मूल गेलेल्या घरीं शांति आणि नागबलि सांगणारा आमचा भिक्षुक या कसोटीला कितपत उतरतो, हें वाचकांस सांगावयास नको. मिशनऱ्यांनाहि ती लावावी लागेल.

लोकांनीं मात्र शास्त्राची वाट पाहिली नाहीं. षष्ठीची सटवाई झाली; पांचवी-सहावीच्या रात्रीं ती कपाळीं लिहिते, आणि कोपली तर मूल नेते, ही भीति घाटावर व घाटाखालीं सारखीच होती. काश्यपसंहितेंत जातहारिणींचें जें लांबलचक वर्णन आहे तें तिचेंच मोठें कुटुंब होय. एक-दोन मुलें गेल्यावर झालेल्याचें नांव दगडू, धोंडू, केरू, भिका असें ठेवीत. मुलग्याचें नाक टोंचून नथू म्हणत. हीं नांवें थट्टेचीं नव्हेत. ज्या घरांत दगडू आहे त्या घरांत त्याच्या आधीं कोणी गेलें आहे, असा तर्क करण्यास हरकत नाहीं. जुन्या कागदांत हीं नांवें जेथें येतात तेथें तीं वाचणाऱ्यानें तसा करावाहि. रसेल व रायबहादुर हिरालाल यांनीं १९१६ सालीं प्रसिद्ध केलेल्या मध्यप्रांतांतील जातिजमातींच्या ग्रंथांत आणखी एक चाल नोंदली आहे. कांहीं जातींत मेलेलें मूल घराजवळ किंवा उंबऱ्याशीं पुरीत, म्हणजे तोच जीव पुन्हां त्याच आईच्या पोटीं येईल. मनूनें त्याला गांवाबाहेर ठेविलें. आईनें त्याला उंबऱ्याशीं आणिलें.

आतां रोमकडे वळूं. स्नानसंस्काराशिवाय, ज्याला प्रॉटेस्टंट मंडळी बाप्तिस्मा म्हणतात त्याशिवाय, मुक्ति नाहीं, हें सूत्र एकदां घट्ट धरिल्यावर तो संस्कार होण्यापूर्वीं मेलेल्या बालकाचें काय, हा प्रश्न टळत नाहीं. पांचव्या शतकाच्या आरंभीं ऑगस्टिननें उत्तर दिलें तें कठोर होतें: तें बालक मूळ पापानें बद्ध, म्हणून दंडास पात्र, दंड मात्र सर्वांत सौम्य. बाराव्या-तेराव्या शतकांतील पंडितांनीं हें बरेंच मऊ केलें. टॉमस अक्विनस याच्या मतें अशा बालकांस यातना नाहींत, दुःख नाहीं. ईश्वरदर्शन मात्र नाहीं. त्या स्थानास 'लिंबो' म्हणूं लागले. शब्द लॅटिन 'लिंबस' यावरून आला, आणि त्याचा अर्थ वस्त्राचा काठ, किनार. पदराच्या काठाशीं मूल बसलेलें आहे, पण मांडीवर नाहीं, अशी ती कल्पना. भागवताच्या दशमस्कंधांत कंसानें मारलेले देवकीचे सहा पुत्र सुतलांत असतात. ती हट्ट धरिते आणि कृष्ण त्यांना तिच्यापाशीं आणतो. ती त्यांना पाजते, आणि मग ते स्वर्गास जातात. दोन कल्पना एकच आहेत असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु लिंबोंतल्या मुलांना आणण्याचा हट्ट धरणारी देवकी पाश्चात्त्य पंडितांच्या ग्रंथांत नव्हती. ती गांवोगांवच्या घरांत होती.

लिंबो हा त्या पंथाचा निश्चित सिद्धांत कधींहि झाला नाहीं. तें मत होतें. परंतु दफनभूमीची भिंत मताची नसते. स्नानसंस्कार न झालेल्यास पवित्र केलेल्या भूमींत जागा नाहीं, हा नियम १९१७ च्या धर्मसंहितेंतहि स्पष्ट आहे. आयर्लंडांत अशा बालकांसाठीं ओसाड गढीच्या आवारांत, शेताच्या बांधाला, समुद्राकांठीं वेगळ्या जागा असत. त्यांना 'किलीन' म्हणत. बाप रात्रीं एकटा जाऊन पुरून येई. आमच्याकडे गांवकुसाबाहेर ओढ्याच्या कांठीं मूठमाती देऊन परतणारा बाप आणि तो बाप यांच्यामध्यें समुद्र आहे, एवढाच भेद. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ही चाल तेथें होती.

याच्या उलट, संस्कार झालेलें मूल गेलें तर १६१४ च्या रोमन विधिग्रंथांत जें सांगितलें आहे तें पाहावें. काळें वस्त्र नाहीं, पांढरें. शोकाची घंटा नाहीं. त्याच्या मस्तकीं फुलांचा किंवा सुगंधी वनस्पतींचा मुकुट. मनूचें 'अलंकृत करून' येथें आठवल्याशिवाय राहात नाहीं. एकाच घरांत दोन भावंडें, एक पाणी पडून गेलेलें व एक पाण्यावांचून गेलेलें. एकाला मुकुट, दुसऱ्याला भिंतीबाहेर खड्डा. हें आईच्या पचनीं कसें पडावें? तें पडलें नाहीं, याचा पुरावा त्याच पंथाच्या इतिहासांत दोन ठिकाणीं आहे.

पहिला सुइणींचा. मरणाच्या प्रसंगीं कोणींहि, अगदीं ख्रिस्ती नसलेल्यानेंहि, योग्य हेतूनें व योग्य शब्दांनीं पाणी घातलें तर संस्कार होतो, हें त्या शास्त्राचें मत. म्हणून धर्मगुरूंनीं सुइणींना तो विधि नीट शिकवावा अशी १६१४ च्या ग्रंथाची आज्ञा आहे. जगांतील फार थोड्या धर्मांनीं एवढा मोठा अधिकार सुइणीच्या ओल्या हातांत दिला असेल. १९१७ च्या संहितेनें तर गळालेल्या गर्भालाहि, जिवंत असल्यास, आणि शंका असल्यास सशर्त, पाणी द्यावें असें सांगितलें.

दुसरा पुरावा अधिक विलक्षण आहे. फ्रान्स, स्वित्झर्लंड व सॅव्हॉय या मुलखांत मध्ययुगाच्या अखेरीपासून कांहीं देवस्थानें अशीं होतीं कीं, तेथें मृत जन्मलेलें मूल नेऊन वेदीवर ठेवीत आणि प्रार्थना करीत. गालांवर किंचित् रंग आला, ओंठावर ठेविलेलें पीस हललें, कीं जीव क्षणभर परतला असें समजून पाणी घालीत. मग पवित्र भूमींत पुरीत. यांना 'विसाव्याचीं देवस्थानें' म्हणत. बर्न प्रांतांतील ओबरब्यूरेन येथें असें एक क्षेत्र होतें. धर्मसुधारणेच्या काळीं १५२८ सालीं तें मोडलें. १९९० नंतरच्या उत्खननांत तेथें नवजातांचे व गर्भांचे अडीचशेच्या आसपास सांगाडे निघाले. रोमनें १७२९ सालीं ही चाल निषिद्ध ठरविली. तरी ती एकोणिसाव्या शतकापर्यंत डोंगराळ भागांत टिकून राहिली. धर्मपंडितांना ही भोळी समजूत वाटली, आणि ती होतीहि. पण मुलाला भिंतीच्या आंत नेण्याची ती आईबापांनीं शोधून काढलेली वाट होती. शास्त्र बदलतां येत नाहीं तेथें मनुष्य पीस हलल्याची साक्ष देतो.

सॅव्हॉयचें नांव आम्हीं उगाच घेतलें नाहीं. वऱ्हाड व नागपूर या मुलखांत कॅथॉलिक पंथाचें काम ज्या संघानें केलें तो संत फ्रान्सिस द सेल्स यांच्या नांवाचा संघ सॅव्हॉयांतील आन्सी या गांवीं १८३८ सालीं पीटर मर्मिए यांनीं काढिला. १८४५ सालीं त्याचे पहिले धर्मगुरु हिंदुस्थानांत आले. १८८७ सालीं नागपूरचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. १९५५ सालीं त्यांतून अमरावतीचा निघाला आणि बुलढाणा जिल्हा त्यांत आला. त्याचे पहिले बिशप जोसेफ रोझारिओ हेहि त्याच संघाचे. म्हणजे घाटावर व घाटाखालीं जो पंथ आला तो थेट रोमहून आला नाहीं; तो विसाव्याच्या देवस्थानांच्या मुलखांतून आला.

ज्यांच्या नांवाचा हा संघ, त्या फ्रान्सिस यांच्या चरित्रांत एक कथा येते. थोनों येथील एका प्रॉटेस्टंट बाईचें मूल संस्कारावांचून मेलें. फ्रान्सिस यांच्या प्रार्थनेनें तें उठलें, पाणी घेतलें आणि थोड्याच दिवसांनीं पुन्हां गेलें. चमत्कार ज्यांना पटतो त्यांना पटो. आम्हांस लक्षणीय वाटतें तें हें कीं, संताकडून त्या मुलखानें कोणता चमत्कार मागितला. दीर्घायुष्य मागितलें नाहीं, एक पाण्याचा थेंब मागितला.

कथेपेक्षां त्यांचीं पत्रें आमच्या दृष्टीनें मोलाचीं आहेत. जान द शांताल ही बर्गंडींतील एका सरदाराची पत्नी. तिचीं पहिलीं दोन मुलें जन्मतांच गेलीं. १६०१ सालीं नवरा शिकारींत गोळी लागून गेला. १६०४ सालीं तिची फ्रान्सिस यांच्याशीं भेट झाली, आणि पुढें १६१० सालीं दोघांनीं आन्सी येथें 'व्हिजिटेशन' हा स्त्रियांचा संघ स्थापिला. १६०७ सालीं फ्रान्सिस यांची धाकटी बहीण, कुमारवयाची, जानच्याच घरीं वारली. तेव्हां त्यांनीं जानला जें पत्र लिहिलें त्यांत ते आपणहि मनुष्यच आहों, वाटलें होतें त्याहून अधिक दुःख झालें, असें कबूल करितात. आणि धर्मगुरु झाल्यावर आपण पहिला संस्कार केला तो याच मुलीवर, ही आठवणहि काढितात. जान मात्र त्या मुलीच्या बदलीं आपला जीव देऊं करावयास निघाली होती. तें त्यांनीं मानलें नाहीं. येथें उपदेश नाहीं असें नव्हे. पण उपदेश करणारा स्वतः रडलेला आहे, तें लपवीत नाहीं, आणि त्याला कशाची भूक नाहीं. गृध्रगोमायूंच्या कसोटीला आमच्या मतें हें पत्र उतरतें.

सर्व मिशनरी कार्य उतरतें असें म्हणतां येत नाहीं. १८४३ सालीं फ्रान्समध्यें बिशप फोर्बें-जान्सों यांनीं 'पवित्र बाल्य' नांवाची संस्था काढिली. युरोपांतील शाळकरी मुलें तिला पैसा-पैसा देत, आणि त्या पैशांतून परदेशांत, विशेषतः चीनमध्यें, टाकलेल्या व मरणोन्मुख बालकांना वांचवीत व स्नानसंस्कार देत. अनाथालयें चाललीं, पुष्कळ मुलें जगलीं, हें पुण्य मोठें. परंतु चीनप्रमाणें हिंदुस्थानांतहि मिशनांच्या वार्षिक अहवालांत मरतांना संस्कार दिलेल्या ख्रिस्तीतर बालकांची गणना निराळ्या रकान्यांत येई, आणि पुष्कळदां आईबापांना न सांगतां पाणी घातलेलें असे. संस्कार देणाऱ्याचा हेतु शुद्ध होता. त्याच्या समजुतीप्रमाणें तो त्या बालकाला काठावरून मांडीवर नेत होता. तरीहि ज्या आईला काय झालें हेंच ठाऊक नाहीं तिचें सांत्वन त्यानें काय झालें? हें सांत्वन नव्हे, गणना होय.

गणना करावयाला त्या काळीं वऱ्हाडांत मरण कमी नव्हतें. १८९९-१९०० चा दुष्काळ आमच्या आज्यांच्या बोलण्यांत 'छप्पनचा' म्हणून येई. १९०१ च्या खानेसुमारींत बुलढाणा जिल्ह्याची लोकसंख्या ४,२३,६१६ भरली. दहा वर्षांत ती शेंकडा १२ नें घटली होती. तेव्हांचा जिल्हा लहान होता. खामगांव व जळगांव हे तालुके १९०५ सालीं आले. या घटींत पोटांतच गेलेले जीव मोजलेले नाहींत. उपाशी बाईचा गर्भ टिकत नाहीं हें सांगण्यास वैद्य नको, पण त्याची नोंद करावयास त्या वेळीं रकाना नव्हता.

येथें एक खुलासा अवश्य आहे. बुलढाणा, मलकापूर, खामगांव या बाजूस 'ख्रिस्ती' म्हटलें कीं पुष्कळांच्या डोळ्यांपुढें अमेरिकन अलायन्स मिशन येतें. तो पंथ निराळा. तो जाणत्या वयांत श्रद्धा प्रगट करणाऱ्यासच बाप्तिस्मा देतो, तान्ह्या मुलास नुसतें देवाला अर्पण करितो. त्यामुळें संस्कारावांचून गेलेल्या बालकाचें कोडें त्याच्यापुढें या रूपानें येतच नाहीं. कॅथॉलिक कुटुंबें या जिल्ह्यांत फार थोडीं, आणि गांवोगांव विखुरलेलीं.

रोममध्यें बदल झाला तो दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, आणि तोहि पायरीपायरीनें. १९६९ च्या नव्या अंत्यविधिग्रंथांत संस्कारापूर्वीं गेलेल्या बालकासाठीं स्वतंत्र प्रार्थना आल्या; त्या मुख्यतः आईबापांसाठीं आहेत, आणि आमच्या मतें तेराशे-चौदाशे वर्षांत या विषयांतील सर्वांत मोठी घटना ती हीच. १९८३ च्या संहितेनें असें ठरविलें कीं, आईबापांचा मुलास स्नानसंस्कार देण्याचा विचार असल्यास त्या मुलाचा अंत्यविधि धर्मप्रांताधिकाऱ्याच्या परवानगीनें व्हावा. १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथानें अशा बालकांना ईश्वराच्या दयेवर सोंपविलें. १९८९ सालीं अमेरिकेंतील आशीर्वादग्रंथांत गर्भ गेलेल्या आईबापांसाठीं वेगळा आशीर्वाद घातला गेला. आणि २००७ सालीं पोप बेनेडिक्ट सोळावे यांच्या संमतीनें आंतरराष्ट्रीय धर्मशास्त्र मंडळाचा प्रबंध निघाला. लिंबो हें एक संभाव्य मत आहे, परंतु अशीं बालकें ईश्वरदर्शनास पोंचतात अशी आशा धरण्यास सबळ कारणें आहेत, असा त्याचा आशय. प्रबंध आशा म्हणतो, ज्ञान म्हणत नाहीं. कांहीं टीकाकारांना हें बोटचेपेपण वाटलें. आम्हांस तो शास्त्रकाराचा प्रामाणिकपणा वाटतो. मात्र १९८३ च्या नियमांत 'विचार असल्यास' आणि 'परवानगीनें' हे दोन शब्द राहिलेच. उंबरठा खालीं आला, गेला नाहीं.

हल्लीं या आधारांत काय येतें, तें थोडक्यांत सांगतों. मुलाला नांव द्यावें, मग तें श्वास न घेतांच जन्मलेलें कां असेना. आईबापांनीं त्याला पाहावें, हातीं घ्यावें. धर्मगुरूनें घरीं किंवा इस्पितळांत येऊन प्रार्थना करावी, दफनभूमींत जागा द्यावी. २ नोव्हेंबरच्या मृतस्मरणदिनीं, किंवा २८ डिसेंबरला, हेरोदानें मारविलेल्या बेथलेहेमच्या बालकांच्या स्मरणदिनीं, त्याची आठवण करावी. असें दुःख ज्यांनीं भोगिलें त्या जोडप्यांनीं नव्या जोडप्याजवळ जाऊन बसावें. यांतील बहुतेक गोष्टींना फारसा पैसा लागत नाहीं, मनुष्य लागतो. आणि घाटावरच्या एखाद्या खेड्यांत एकच कॅथॉलिक घर असतें तेथें तो मनुष्य कोठून आणावा ही खरी अडचण आहे. शिवाय घरांतील वडीलधारीं मंडळी मूल परस्पर नेतात आणि आईला तोंड पाहूं देत नाहींत, ही आपल्या मुलखाची रीत ख्रिस्ती घरांतहि पाळली जाते. 'पाहिलें तर विसरणार नाहीं' असें त्या मंडळींना वाटतें. न पाहिलेलें विसरतें असा अनुभव कोणाचा आहे, तें त्यांना विचारावेंसें वाटतें.

सरकारी कायद्याची स्थितिहि यासंबंधीं मौजेची आहे. १९६१ च्या मातृत्वलाभ कायद्यानें गर्भ गेलेल्या नोकरदार स्त्रीला सहा आठवड्यांची पगारी रजा दिली; धर्मसिंधूंतील आईच्या दिवसांहून ती बरीच उदार आहे, पण शेतमजूर बाईपर्यंत ती पोंचत नाहीं. १९६९ च्या जन्ममृत्यु नोंदणी कायद्यानें मृतजन्माची नोंद आवश्यक केली. २८ आठवडे पूर्ण झालेल्या गर्भाला ती लागू. त्याखालील गर्भाला कोठेंच नोंद नाहीं. २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांत मात्र जगण्याच्या मुदतीखालील गर्भाचा उल्लेख येतो, तो पिवळ्या पिशवींत टाकावयाच्या पदार्थांच्या यादींत, कापून काढिलेल्या अवयवांच्या शेजारीं. रोगजंतूंच्या भयानें हा नियम केला, त्यांत क्रौर्य नाहीं. मनूच्या 'लांकडासारखें' या शब्दाशीं त्याचें जवळचें नातें आहे एवढेंच. आणि मनूनें निदान आधीं सजवावयास सांगितलें होतें.

आतां विनंति. संस्कार न झालेल्या बालकाचें नांव कॅथॉलिक पंथाच्या स्नानसंस्काराच्या वहींत येऊं शकत नाहीं. परंतु अंत्यविधि झाला असल्यास मृतांच्या वहींत येऊं शकतें. १९६९ पूर्वीच्या व नंतरच्या अशा वह्यांची तुलना केल्यास हा बदल आमच्या मुलखांत कधीं उतरला, किंवा उतरला कीं नाहीं, तें वर्षनिशीं कळेल. तसेंच १८९९-१९०१ या सालांचीं मेहकर, चिखली, मलकापूर या जुन्या तालुक्यांतील कोतवाल बुकें ज्यांच्या पाहण्यांत येतील, त्यांनीं दाखल्याच्या नोंदीबरोबरच नांवावांचूनच्या मृत्यूच्या नोंदीहि उतरून घ्याव्यात. गांव, तारीख, बापाचें नांव व मुलगा कीं मुलगी एवढें पुरे. आईचें नांव कोठें आढळलें तर तें अवश्य लिहून घ्यावें, आणि टांचण मंडळाकडे पाठवावें.